कुलूपसाहेबांची कच्ची निवृत्ती

निवृत्त होणाऱ्या गोलरक्षकाने मैदानाच्या मध्यभागी उभे राहावे, हातातले मोजे काढावेत आणि ते पुढच्या गोलरक्षकाच्या स्वाधीन करावेत, असा आमच्या फुटबॉल महामंडळाचा रिवाज आहे. मोजे देताना देणाऱ्याने थोडे रडावे आणि घेणाऱ्याने थोडे लाजावे, एवढीच अपेक्षा असते. दिलेले मोजे परत मागायचे झाल्यास ते कसे मागावेत, याबद्दल रिवाजात काही म्हटलेले नाही. रिवाज घालून देणाऱ्यांना तशी शंकाच आली नसावी. ते जुन्या काळचे लोक होते. एकदा घरी गेले की घरीच बसत.

मी या महामंडळात नोकरीला आहे, आणि ज्यांनी हे मोजे घ्यायचे होते ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. त्यामुळे मी जे सांगतो ते एकतर्फी आहे असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणा. दुसऱ्या तर्फेला अख्खा देश होता. भाऊजींच्या तर्फेला मेव्हण्याशिवाय होते कोण?

भाऊजी राखीव गोलरक्षक. राखीव गोलरक्षकाने प्रत्येक सामन्याला पूर्ण गणवेश घालायचा, बुटांच्या नाड्या घट्ट बांधायच्या आणि मैदानाबाहेरच्या बाकावर, अगदी टोकाला, पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसायचे. मुख्य गोलरक्षकाला इजा झाली तर आत जायचे. आमच्या मुख्य गोलरक्षकाला कधीच इजा झाली नाही. त्याला सगळे कुलूप म्हणत, कारण तो उभा राहिला की गोल बंद. वर्तमानपत्रे त्याला कुलूप म्हणत, बायको कुलूप म्हणे, आणि महामंडळाने त्याच्या दारावरच्या पाटीवरही तेच नाव रंगवले होते. भाऊजींना नाव नव्हते. त्यांना राखीव म्हणत.

भाऊजी खेळायला कसे होते, हे मला विचाराल तर उत्तम होते. सरावात त्यांच्या हातून चेंडू निसटलेला मी पाहिला नाही. पण सराव कोणी मोजत नाही. त्यांना जन्मात एकच गोष्ट हवी होती: एक खरा सामना, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, आणि तो बघायला माझी भाची. भाचीला शाळेत विचारले होते, बाबा काय करतात. ती म्हणाली, बाबा बाकावर बसतात. बाईंना वाटले, त्यांना शिक्षा झाली आहे. घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा भाऊजी हसले आणि मग बराच वेळ बुटांना पॉलिश करत बसले.

अशात एके दिवशी कुलूपने निवृत्ती जाहीर केली. शरीर थकले, गुडघे कुरकुरतात, इतकी वर्षे घरच्यांना वेळ देता आला नाही तो आता देणार, असे त्याने सांगितले. निरोपाला मैदान तुडुंब भरले. कुलूपने मोजे काढले, ते डोळ्यांना लावले, आणि भाऊजींच्या हातात ठेवले. तो थोडा रडला. भाऊजी लाजले. मीही रडलो, सगळेच रडत होते आणि मला तर डबल कारण होते. प्रशिक्षकांनी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवून सांगितले की पुढच्या सामन्याला तुम्हीच. त्या संध्याकाळी ताईने मोजे जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ठेवले आणि कोणी त्यांच्यावर आमटी सांडू नये म्हणून भाचीला पहाऱ्याला बसवले.

इकडे कुलूप घरी गेला आणि ठरल्याप्रमाणे घरच्यांना वेळ देऊ लागला. काही दिवसांतच त्याची बायको आमच्या कार्यालयात आली. वहिनी शांत स्वभावाच्या, पण त्यांच्या कपाळावर टेंगूळ होते. त्यांनी सांगितले की हे सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात गुडघे वाकवून उभे असतात. ताटातून वाटी घरंगळली की झेप घालतात. पाहुणा दारात आला की तो डावीकडून शिरणार की उजवीकडून, याचा अंदाज घेतात आणि त्याला शिरू देत नाहीत. पेपर टाकणाऱ्याचा एकही पेपर त्यांनी आजवर घरात पडू दिलेला नाही. मधल्या जावेने लांबून किल्ल्यांचा जुडगा फेकला, तो त्यांनी दोन्ही मुठींनी परतवला, आणि वहिनींच्या कपाळावरचे टेंगूळ त्या जुडग्याचे होते.

"साहेब, मला नवरा नको असं नाही," वहिनी अध्यक्षांना म्हणाल्या. "पण तो मैदानावर असलेला बरा."

आमचे अध्यक्ष मऊ मनाचे. बाईमाणसाचे दुःख त्यांना बघवत नाही, आणि कुलूपशिवाय तिकिटे कशी खपणार याची काळजी त्यांना आधीपासून होतीच. दुसऱ्या दिवशी कुलूपने पत्रकारांना बोलावून सांगितले की देशाने हाक मारली, त्यामुळे मन बदलावे लागत आहे. कार्यालयात चौकशी झाली की हाक कोणी मारली. कोणीच मारली नव्हती. अध्यक्ष म्हणाले, एवढा मोठा देश आहे, मारली असेल कोणीतरी.

मग प्रश्न मोज्यांचा आला. ते परत आणायला मलाच पाठवले, कारण घरचा माणूस गेला तर तमाशा होत नाही. ताईने दारातच माझी हजेरी घेतली. दिलेली वस्तू परत मागायला तुमच्या महामंडळाला लाज कशी नाही वाटत, आणि तुलाही कशी नाही वाटत, असे तिने विचारले. भाऊजींनी आतून मोजे आणले. धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळलेले होते.

"अंगठ्याजवळ जरा कडक होते," ते म्हणाले. "सरावात वापरून मऊ केलेत. सांग त्यांना, आता त्रास नाही द्यायचे."

मी ते कुलूपला सांगितले. कुलूप म्हणाला, कोण भाऊजी?

पुढच्या वर्षी कुलूप पुन्हा निवृत्त झाला. या खेपेला मैदानाबाहेरही माणसे उभी राहिली. पहिला निरोप ज्यांचा हुकला होता ते कसर भरून काढायला आले. ज्यांचा हुकला नव्हता ते तुलना करायला आले. जाणकारांचे मत पडले की पहिल्या वेळचे रडणे उत्स्फूर्त होते, पण दुसऱ्यात परिपक्वता आहे. भाऊजींना पुन्हा मोजे मिळाले, पुन्हा प्रशिक्षकांनी पाठीवर हात ठेवला, आणि पुन्हा मी जाऊन मोजे घेऊन आलो. तिसऱ्यांदा तर ताईने दार उघडलेच नाही, खिडकीतून दिले. पुढे सोय म्हणून मोजे मैदानाच्या फाटकावरच परत घ्यायची पद्धत पडली.

याच सुमारास अध्यक्षांच्या लक्षात आले की सामन्याला माणूस येतो तो मध्यंतराला उठून जातो, आणि निरोपाला येतो तो दिवे मालवले तरी उठत नाही. अध्यक्ष काही मूर्ख नाहीत. त्यांनी महामंडळात स्वतंत्र निरोप शाखा काढली आणि मला तिचा प्रमुख केले. शाखेला जागा म्हणून गोलाची जाळी आणि चेंडू ठेवायची खोली मिळाली. जाळी व्हरांड्यात गेली, चेंडूंतली हवा काढून ते माळ्यावर टाकले, आणि त्या जागी रुमालांची खोकी रचली. प्रत्येक प्रेक्षकाला फाटकावर एक पांढरा रुमाल द्यायचा, हे माझ्या शाखेचे मुख्य काम होते.

अध्यक्षांनी निवृत्तीला शिस्तही लावली. गाडी चालवण्याचा परवाना जसा आधी कच्चा आणि मग पक्का मिळतो, तशीच निवृत्ती आधी कच्ची मिळेल, असे ठरले. कच्च्या काळात खेळाडूने घरच्यांच्या देखरेखीखाली निवृत्त राहण्याचा सराव करावा. न जमल्यास परत यावे. पक्की निवृत्ती कशी मिळेल, हे नंतर ठरणार होते आणि अजून ठरलेले नाही. कच्च्या काळात खेळाडूची जागा भरायची नाही, कारण तो परतला आणि तिथे दुसराच उभा दिसला तर त्याच्या मनाला काय वाटेल?

"पण साहेब, मग त्या काळातले सामने?" मी विचारले.

"गोलरक्षक नसताना सामने कसे होतील? पुढे ढकला."

"राखीव आहेत की."

अध्यक्षांनी माझ्याकडे समजुतीने पाहिले. "राखीव माणूस राखून ठेवायचा असतो. तो खर्च करून बसलात तर अडीअडचणीला काय कराल?"

मी हे भाऊजींना सांगितले नाही. ते रोज पहाटे उठून पळायला जात होते. केस पिकायला लागले होते आणि ताईने त्यांचा गणवेश कमरेपाशी दोनदा उसवून पुन्हा शिवला होता, आधी सैल करायला आणि नंतर, काळजीने ते वाळले तेव्हा, घट्ट करायला. ताई म्हणायची, सोडा आता. भाऊजी म्हणायचे, एक सामना होऊ दे, मग तू सांगशील तसं.

कुलूपचे बघून इतरांनाही चेव आला. धावपटू सुरुवातीच्या रेषेवर निवृत्त होऊ लागले. मॅरेथॉनपटूने निम्म्या वाटेत मन बदलले आणि तो उलटा पळत निघाला. पोहणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण पाण्यात अश्रू दिसत नाहीत. त्यांना आधी अंग पुसून मग रडण्याची मुभा दिली. बुद्धिबळपटूने निवृत्तीचा विचार करायला घेतला आहे, तो अजून करतो आहे. एक लांब उडीवाला तर हवेत असतानाच निवृत्त झाला आणि वाळूत पडायच्या आत परत आला. ही उडी धरायची की नाही यावर समिती बसली. उडी सेवेत असताना घेतलेली आहे, मधले अंतर निवृत्तीत कापलेले आहे आणि पडणे पुन्हा सेवेतले आहे, सबब फक्त उडी घेणे आणि पडणे ग्राह्य धरावे, असा निर्णय झाला. म्हणजे तो जागच्या जागी पडला असे ठरले.

नव्या खेळाडूंच्या निवडीची रीतही बदलली. पूर्वी उमेदवाराला चेंडू देत. आता माइक देऊ लागले. कोणत्या वाक्याला त्याचा घसा दाटतो, ते निवड समिती कान देऊन ऐके. आमचे प्रशिक्षक, ज्यांच्या शिट्टीला मोठमोठे खेळाडू टरकत, ते मुलांना रांगेत उभे करून हनुवटी थरथरवायला शिकवत. हनुवटी हलू दे, खांदे नकोत, खांदे हलले की खोकला आल्यासारखं वाटतं, असे ते सांगत. एकदा मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी विचारले, चेंडू कुठे ठेवलेत रे? मी माळ्याकडे बोट दाखवले. ते थोडा वेळ वर बघत उभे राहिले आणि मग शिकवायला गेले.

साथ गावभर पसरली. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने शेवटची हजामत जाहीर केली. त्याच्याकडे कधी न फिरकणारे लोकही रांगेत उभे राहिले, आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली असताना भावना अनावर होऊन तो निवृत्त झाला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी त्याच्या परतण्याची वाट बघत खुर्चीत बसून होते. लोक येता-जाता त्याला नमस्कार करत.

सगळे असे सुरळीत चालले असताना जागतिक फुटबॉल संघटनेकडून विचारणा आली. वर्षभरात एकही सामना न खेळणाऱ्या देशाचे नाव कमी केले जाईल, आणि तुमचा एक सामना बाकी आहे, तो अमुक तारखेच्या आत उरका, असे त्यांनी कळवले. नाव कमी झाले तर खेळाडू देशाचा राहणार नाही, आणि देशाचा नसलेला खेळाडू निवृत्त झाला तर रडणार कोण? अध्यक्षांना घाम फुटला. त्यांनी तातडीने तारीख दिली आणि मग लक्षात आले की त्याच दिवशी, त्याच वेळी, कुलूपची भव्य कच्ची निवृत्ती आहे. तिची तिकिटे केव्हाच संपली होती. ती पुढे ढकलणे कोणाच्या मनातही आले नाही. सामना मुख्य मैदानाच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, सरावाच्या मैदानावर उरकून घ्यावा असे ठरले. ज्यांना नीट रडता येत नाही असे दहा खेळाडू तिकडे द्यायचे होते.

"आणि गोलमध्ये?" मी विचारले.

अध्यक्ष निरोपाच्या भाषणाचा सराव करत होते. त्यांनी हाताने 'बघा तुम्हीच' अशी खूण केली. आयुष्यात मला एवढा मोठा अधिकार कोणी दिला नव्हता. मी तसाच ताईकडे गेलो.

भाऊजींनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. मग पुन्हा सांगायला लावले. ताई आत गेली आणि तिने तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. मोज्यांचा प्रश्न होताच. खरे मोजे निरोपात गुंतलेले. ताईने बागकामाचे मोजे काढून दिले. निरोपात मोजे घ्यायला भाऊजींच्या जागी आमच्या कँटीनवाल्याला उभे करायचे ठरले होते, आणि खरे सांगायचे तर तो त्यांच्यापेक्षा चांगला लाजत असे.

त्या दिवशी माझी नेमणूक मुख्य मैदानाच्या पश्चिम फाटकावर होती. रुमाल वाटायचे होते, सुटका नव्हती. इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. कुलूपचे भाषण सुरू झाले आणि ते काही संपेना. त्याने पहिल्या बुटांची आठवण काढली, मग दुसऱ्या बुटांची. मधेच, टाळ्या थांबल्या की, टाकीच्या पलीकडून चेंडू हातात बसल्याचा आवाज येई. थप्प. ज्याने तो आवाज सरावात ऐकला आहे त्याला तो ओळखता येतो. मी तिकडे कान लावून इकडे रुमाल देत होतो. एका गृहस्थांनी विचारले, मागे कसला आवाज येतोय? मी म्हणालो, सामना चालला आहे. ते म्हणाले, अशा दिवशी?

कुलूप तिसऱ्या बुटांवर आला असताना भाची गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. धापा टाकत होती.

"मामा, संपला. बाबांनी एकसुद्धा जाऊ दिला नाही. शेवटची पेनल्टी होती ना, ती डावीकडे उडी मारून धरली. आई रडतेय. रुमाल दे."

मी तिला रुमाल दिला. दोन दिले. इतक्या वर्षांत तेवढेच काय ते कामी आले.

आपण जिंकलो होतो. हे दुसऱ्या दिवशी महामंडळाला कळले आणि तिथून घोटाळा झाला. जिंकलेला सामना कोणाच्या तरी नावावर लावावा लागतो. समिती बसली. तिने रिवाज तपासला. मोजे सुपूर्द होईपर्यंत गोलाची राखण मोजे देणाऱ्याकडेच असते, हे सर्वांना मान्य होते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा कुलूपचे भाषण चालू होते आणि मोजे त्याच्याच हातात होते. म्हणजे त्या वेळी देशाचा गोल कुलूपच राखत होता. तो कुठे उभा राहून राखत होता हा तपशील गौण आहे. सामना त्याच्या नावावर लागला.

कुलूपला आधी थोडे आश्चर्य वाटले. मग हळूहळू त्याला तो सामना आठवू लागला. पंधरवड्याने त्याने पत्रकारांना बोलावले.

"ती शेवटची पेनल्टी मी उजवीकडे झेपावून धरली," तो म्हणाला, "आणि वाटलं, अजून बाकी आहे आपल्यात."

अशा रीतीने भाऊजींनी खेळलेल्या एकमेव सामन्याच्या जोरावर कुलूप परत आला. रेडिओवर हे ऐकताना भाची एवढेच म्हणाली, डावीकडे. ताईने रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे असे पाहिले की मी चहा न घेताच निघालो.

भाऊजींनी मात्र काही आरडाओरड केली नाही. ते प्रशिक्षकांकडे गेले आणि म्हणाले, उद्यापासून येत नाही. प्रशिक्षकांनी सवयीने विचारले, कच्ची का पक्की? भाऊजी म्हणाले, नुसती. ही बातमी वर गेली आणि अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतले. मी दाराशी उभा होतो.

"परत कधी येताय?" अध्यक्षांनी विचारले.

"येत नाही."

"ते कळलं. सगळे असंच म्हणतात. पण परत कधी?"

"साहेब, मला एक सामना खेळायचा होता. तो खेळलो. आता घरी जातो."

अध्यक्ष खरोखरच गोंधळले. इतक्या निवृत्त्या पाहिलेला माणूस, पण जायचे म्हणून जाणारा त्यांना प्रथमच भेटत होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर कोडे सुटल्याची खूण दिसली.

"खेळलात? तुम्ही? तो सामना तर कुलूपसाहेबांचा. जो खेळलाच नाही तो निवृत्त कसा होणार? तुम्ही बाकावरच आहात. उद्या वेळेवर या."

भाऊजी माझ्याकडे वळून हसले. तसे हसू मी भाचीने शाळेतली गोष्ट सांगितली त्या दिवशी पाहिले होते. ते घरी गेले आणि गेलेच. महामंडळाने त्यांच्यावर बिनपरवाना निवृत्तीचा ठपका ठेवला. लोकांनाही राग आला. परत यायचे नव्हते तर गेलाच कशाला, असे लोक विचारू लागले. एवढा काय ताठा, कुलूपसारखा मोठा माणूस इतक्या वेळा परत येतो आणि हा कोण लागून गेला? ज्यांना भाऊजी ठाऊक नव्हते, म्हणजे सगळ्यांनाच, त्यांना ते आवडेनासे झाले.

मी बराच आरडाओरडा केला तेव्हा समितीने एक सवलत दिली. त्या दिवशी गोलमध्ये राखीव उभा होता, असे सांगणारा एक साक्षीदार आणा. सामना त्याच्या नावावर करू. घरचे चालणार नाहीत, म्हणजे ताई आणि भाची बाद. मी संघातल्या दहा जणांना विचारले. ते म्हणाले, गोलरक्षक आमच्या पाठीमागे असतो. पुढे बघून खेळायचे की मागे कोण आहे ते बघायचे? पाहुणा संघ हरलेला, त्यांचा शब्द आकसाचा ठरला. पंच मध्यंतराला निवृत्त होऊन मध्यंतर संपताच परतले होते, त्यामुळे त्यांचे डोळे नेमके केव्हा सेवेत होते ते ठरेना.

भाऊजींचे म्हणणे, जाऊ दे, मला माहीत आहे ना. त्यांचे ठीक आहे. पण भाचीने परवा वर्गात सांगितले की माझे बाबा एकदा खेळले, आणि बाईंनी तिला प्रेमाने जवळ घेऊन समजावले की खोटे बोलू नये, बाकावर बसण्यातही कमीपणा नसतो. ती घरी आली, हे सांगितले आणि बाबांचे बूट पॉलिश करत बसली. तिच्यापायी मी दारोदार फिरतो आहे. न्हाव्याला विचारले, अर्ध्या दाढीवाल्याला विचारले, क्रीडापानाच्या संपादकांना विचारले. सगळ्यांचे खेळावर जिवापाड प्रेम. सगळे त्या वेळी मुख्य मैदानावर.

आता तुमच्याकडे आलो आहे. इथवर ऐकून घेतलेत, म्हणजे तुम्हाला खेळाची खरी चाड आहे. मी बोलत असताना मधून मधून तुम्ही मान हलवत होतात, लोक कसे मूर्ख असतात म्हणून हसतही होतात. तर नीट आठवून सांगा, घाई नाही. त्या दिवशी टाकीमागच्या मैदानावर तुम्ही होतात का? कुंपणापाशी क्षणभर रेंगाळला असाल तरी चालेल. बागेचे मोजे घातलेला एक पिकल्या केसांचा माणूस डावीकडे झेपावला, एवढेच सांगायचे आहे. एकाने हो म्हटले तरी पुरे.

नाही ना? राहू दे. खिसा चाचपू नका, रुमाल तिथेच आहे. पश्चिम फाटकावर मीच दिला होता तुम्हाला. मागे कसला आवाज येतोय, असे तुम्हीच विचारले होते.